भडंगाचा तास

माझं इंग्रजी पंपाच्या खोक्यांवर झालेलं आहे. कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझं मोटार-पंपांच्या सुट्या भागांचं दुकान आहे, आणि खोक्यांवर छापलेलं वाचून वाचून माझी त्या भाषेशी सलगी झाली. ही सलगी एकतर्फी आहे हे मला उशिरा कळलं. तोवर मी त्या भाषेत एक मुलगी वाढवायला घेतली होती.

इरा पाठीत वाकून बसली की मी म्हणायचो, "कीप अपराइट." पाणी प्यायली नाही की, "डू नॉट रन ड्राय." एकदा तिला ताप आला तेव्हा मी कपाळावर हात ठेवून 'ओव्हरहीटिंग' असं निदान करून मोकळा झालो होतो. माझी बायको मानसी मूळची पुण्याची. तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा पुष्कळ बरं, पण तीही दिवसभर बँकेत. घरात मुलीशी इंग्रजीच बोलायचं, हा ठराव आम्ही दोघांनी एकमताने मंजूर केला होता. मुलगी मागे पडायला नको. कुणाच्या मागे, ते मात्र आम्ही एकमेकांना कधी विचारलं नाही.

आमच्याच इमारतीत तळमजल्यावर आक्का राहायच्या. जयसिंगपूरच्या जैन शेतकरी घरातल्या सूनबाई, हयात इंग्रजी शिकवण्यात गेलेली. नवरा वारलेला, मुलगा सन्मती बंगळूरला नोकरीला. निवृत्त झाल्यावर त्या घरच्या घरी इंग्रजीचा क्लास घ्यायच्या, आणि सगळी राजारामपुरी आपली पोरं तिथे घालायला धडपडायची.

आक्का दिसण्याआधी ऐकू यायच्या. पायात नवऱ्याच्या चपला, अस्सल कोल्हापुरी, दोन बोटं मोठ्या. जिन्यात करकर वाजायला लागलं की शहाण्याने टीव्ही बारीक करावा. "एवढ्या चांगल्या चपला, नुसत्या ठेवून काय पुजायच्या?" असं त्यांचं म्हणणं. सूर्य बुडायच्या आत त्या जेवायच्या, त्यामुळे त्यांचा क्लास घड्याळावर न चालता सूर्यावर चालायचा. थंडीत लवकर सुटायचा, उन्हाळ्यात लांबायचा. राजारामपुरीतल्या बाकीच्या क्लासांची पोरं घड्याळ बघायची. आक्कांची पोरं खिडकीतून आभाळ बघायची.

त्या इंग्रजी बोलायला लागल्या की बातम्या लागल्यासारखं वाटायचं. मराठी बोलायला लागल्या की वाटायचं, रस्त्यात उसाची ट्रॉली उलटलीय आणि ही बाई ती उचलायला माणसं गोळा करतेय. दोन्ही आवाज एकाच गळ्यातून कसे निघतात, याचं मला कायम नवल वाटायचं. माझ्या गळ्यातून तर एकही धड निघत नव्हता.

इरा पहिलीत गेली तसा मी तिला घेऊन आक्कांकडे गेलो. दार उघडंच होतं.

"इरा, गिव्ह नमस्कार टू आक्का," मी म्हणालो.

आक्कांनी माझ्याकडे पाहिलं. गिऱ्हाइकाने जळकी मोटार आणून काउंटरवर ठेवली की मी तिच्याकडे जसं बघतो, अगदी तसं. दुरुस्त होईल, की भंगारात?

"काय खाल्लंस गं सकाळी?" त्यांनी इराला विचारलं.

इरा माझ्याकडे बघायला लागली.

"तिला मराठी येत नाही," मी सांगितलं. जरा अभिमानानेच सांगितलं.

"तुमची आई कुठं असती?"

"कागलला."

"तिला इंग्रजी येतंय?"

"नाही."

"मग आज्जी-नात बोलत्यात कशा?"

"मी असतो की मध्ये."

"आणि तुमी नसला की?"

त्याचं उत्तर मला माहीत होतं. वर्षभरापूर्वी आई आमच्याकडे महिनाभर राहायच्या तयारीने आली होती. नातीसाठी रव्याचे लाडू, शेंगा, एक झबल्यासारखा स्वेटर. मी आणि मानसी कामावर गेलो की ती आणि इरा समोरासमोर बसायच्या. इरा काहीतरी बोलायची, आई मान हलवायची. आई काहीतरी म्हणायची, इरा मान हलवायची. मग आईने तिचं नाव घेणंच सोडलं. मी घरात शिरलो की विचारायची, "पावणं काय म्हणत हुतं बघ मघा. काय पायजे हुतं त्येला?" आमच्याकडे अनोळखी माणसाला पावणं म्हणतात. आई हसत म्हणायची, म्हणून मीही हसलो. आठवडा व्हायच्या आत ती पिशवी भरून निघाली. एसटी स्टँडवर म्हणाली, "इलास, मी आपली कागललाच बरी. तू दुकानात गेलास की आमी दोघींनी निस्ती एकमेकीची तोंडं किती बघायची?" त्यानंतर ती आमच्याकडे आली नव्हती. फोन केला की सगळ्यांची चौकशी करायची आणि शेवटी म्हणायची, "पावणं बरं हाय न्हवं?"

हे सगळं मी आक्कांना सांगितलं नाही. पण त्या उत्तराची वाट बघत माझ्या तोंडाकडे बघत होत्या, आणि माझं तोंड काही फार गुप्तता पाळणारं नाही.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "इंग्रजीची काळजी सोडा. ते मी बघतो. मी न्हाय बघितलं तर ह्या राजारामपुरीत गल्लोगल्ली बघणारे हायेत. पण तुमच्या घरातलं तुमच्याच घरात मिळतंय. ते कुठल्या क्लासात घालणार?"

मग त्यांनी अट सांगितली. घरात आपलं बोलायचं. आणि मुलीला रोज काहीतरी सांगायचं, घरातलं, माणसांचं. ती ते येऊन आक्कांना सांगणार. ज्या दिवशी काही सांगायला नसेल, त्या दिवशी तिचं इंग्रजी बंद.

आता 'मी बघतो' वाचून कुणी दचकू नये. आमच्या भागात बायका 'मी येतो, मी जातो' असंच म्हणतात. इरा महिन्याभरात तेच म्हणायला लागली. एकदा क्लासला निघताना ओरडली, "आई, मी जातो!" मानसीच्या हातातली कढई पडायचीच राहिली. ती तक्रार घेऊन खाली गेली. आक्का म्हणाल्या, "जातो म्हणती ते सोड. परत येती न्हवं?" मानसी वर आली आणि थोडा वेळ पुण्याच्या दिशेने बघत बसली.

आक्कांचा क्लास सुरू व्हायचा स्वयंपाकघरात. पुढच्या खोलीत फळा, बाकं, सगळं शिस्तीत. पण तिथे आधी प्रवेश नाही. पोरांनी आधी स्वयंपाकघरात यायचं, फरशीवर गोल करून बसायचं. मध्ये भलं मोठं पातेलं. त्यात आक्का भडंग करायच्या, जयसिंगपुरी, लसूण आणि लाल तिखट जिथल्या तिथे. चुरमुरे हलवता हलवता एकेकाला म्हणायच्या, "हं, तुझ्या घरातलं काय?" पोरगं सांगायचं आणि त्याला मूठभर भडंग मिळायचं. सगळ्यांचं सांगून झालं की उंबरा ओलांडून पुढच्या खोलीत. तिकडे फक्त इंग्रजी. तोंड तिखटाने पेटलेलं, डोळ्यांत पाणी, आणि इंग्रजी असं सुरू व्हायचं की बस.

या पद्धतीने अख्ख्या गल्लीची बित्तंबातमी त्या पातेल्याभोवती जमा होत असे. कुणाच्या बाबांनी आईला न विचारता मोबाईल घेतला, कुणाची आत्या रुसून गेली, सगळं. आक्का यातलं एक अक्षर कधी बाहेर काढायच्या नाहीत. पण रस्त्यात त्या आपल्याकडे बघून नुसत्या हसल्या तरी काल घरात आपण काय बोललो होतो, हे माणूस आठवायला लागायचा. आमच्या गल्लीत नवरा-बायकोची भांडणं त्या काळात फार सभ्य झाली होती.

क्लासात एका मारवाडी दुकानदाराची मुलगी होती, पूजा. मराठी नवीनच शिकत होती, म्हणून ती आपली पाळी आली की मान खाली घालायची. एकदा मी चुरमुऱ्यांचं पोतं पोचवायला गेलो होतो, तेव्हा आक्का तिला म्हणाल्या, "तुझ्या घरात जे बोलता त्यात सांग की."

पूजाने आधी इकडेतिकडे पाहिलं. मग मारवाडीत सांगायला लागली. हातवारे, कुणाच्या तरी पडण्याचा आवाज, मध्येच स्वतःच हसणं. सगळी पोरं गप्प ऐकत होती. संपल्यावर आक्कांनी तिला दोन मुठी भडंग दिलं.

"आक्का, तुम्हाला कळलं?" मी विचारलं.

"न्हाय," आक्का म्हणाल्या. "तिला कळलं की."

एका मुलाचे वडील मोठ्या गाडीतून भांडायलाच आले होते. आम्ही मुलाला इंग्रजीसाठी पाठवतो, चुरमुरे खायला नाही, वगैरे. आक्कांनी त्यांना आत बोलावलं, पाटावर बसवलं, वाटीत भडंग दिलं आणि विचारलं, "तुमी लहान असताना घरात संध्याकाळी काय चालायचं हो?" ते गृहस्थ बराच वेळ बाहेर आले नाहीत. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला. शेवटी ते आले तेव्हा नाक पुसत होते. तिखटामुळे, असं म्हणाले. मुलगा क्लासात राहिला.

आता माझं सांगतो. इराला रोज घरातलं काहीतरी सांगायचं म्हणजे माझ्यापुढे मोठाच पेच. माझ्या घरात सांगण्यासारखं काय? वडिलांचं किराणा दुकान, आजोबा दुधाचा रतीब घालायचे. शिवाय इतकी वर्षं खोक्यांवरचं इंग्रजी बोलून माझ्या मराठीवर जुन्या पंपासारखा गंज चढलेला. पहिले काही दिवस मी खरंखरं सांगितलं. तेही संपलं. मग मी सरळ थापा मारायला लागलो.

माझ्या आजोबांना मी पैलवान केलं. एकदा केलं म्हटल्यावर हात आखडता का घ्यावा? रोज संध्याकाळी आजोबा वाढत गेले. त्यांनी पंजाबचा मल्ल चितपट केला. मग दोन मल्ल एकदम. मग उधळलेला हत्ती शेपटीला धरून थांबवला. इरा तोंड उघडं टाकून ऐकायची, आणि मुख्य म्हणजे मध्ये मध्ये प्रश्न विचारायची. मराठीत. 'मग?' आणि 'पुढं?' हे तिचे पहिले दोन मराठी शब्द. मी गोष्टीत इतका रंगलो होतो की ते माझ्या लक्षातही आलं नाही. मानसीने सांगितलं तेव्हा आलं.

आक्का हे सगळं पातेल्यापाशी रोज ऐकत होत्या. हत्तीपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत. हत्ती आल्यावर त्या इराला म्हणाल्या, "लई भारी हाय तुझा पणजा. हत्तीचं पुढं काय झालं, ते तुझ्या आज्जीला इचार. तिनं बघितलं असंल. तिचा सासरा न्हवं त्यो."

इराने त्याच संध्याकाळी माझ्या मोबाईलवरून कागलला फोन लावला. मी शेजारीच बसलो होतो, पळायला जागा नव्हती.

"आज्जी, पणज्यानं हत्ती सोडला का मग?"

पलीकडून आईचा आवाज, "कोण बोलतंय?"

"मी इरा."

पलीकडे हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"कसला हत्ती गं माझ्या बाई?"

इराने मोडक्यातोडक्या मराठीत सगळं सांगितलं. दोन मल्ल एकदम, शेपूट, सगळं. आई हसायला लागली. कितीतरी दिवसांनी मी तिला तसं हसताना ऐकत होतो. मग तिने इराला खरं सांगितलं: तिचे पणजोबा तालमीत फक्त दूध पोचवायला जायचे, हत्ती सोडा, ते आपल्याच म्हशीला घाबरायचे, आणि ती मारकी असल्याने धार माझी आजी काढायची. म्हशीचं नाव सुंद्री. सुंद्रीने एकदा पणजोबांना उकिरड्यापर्यंत पळवत नेलं होतं, ते धोतर सावरत, दुधाची चरवी डोक्यावर धरून. इरा गादीवर लोळून हसली. हत्ती एका संध्याकाळी मेला. सुंद्री आमच्या घरात कायमची आली.

त्यानंतर रोज फोन. आधी तो सुंद्रीपुरता होता, मग कशाकशाचा होत गेला. मी बाजूला बसून विचारायचो, "काय म्हणतेय आई?" तर इरा फोन दुसऱ्या कानाला लावायची.

पुढच्या दिवाळीत आई पिशवी घेऊन आली. इरा दारातच म्हणाली, "आज्जी, भूक लागलीया. काय आणलंयस?" आई चपला न काढता तिथेच पायरीवर बसली आणि पिशवी सोडायला लागली. मी म्हणालो, "अगं, आत तरी ये." तर आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "पावणं, तुमी बसा जावा आत. आमी येतो."

त्या मुक्कामात आई रोज दुपारी आक्कांकडे खाली जाऊन बसायची, चुरमुरे निवडायला. एकदा मी तिला बोलवायला गेलो आणि दारातच थांबलो. आई सांगत होती की तुमच्यामुळं पोरगी बोलाय लागली. आक्का पातेलं हलवत होत्या.

"माझं म्हायेर पलीकडलं," त्या म्हणाल्या. "कन्नड. लगीन होऊन जयसिंगपूरला आलो तवा मराठी अजिबात येत न्हवतं. सासू म्हणली, घरात एकच बोली चालंल. मी शिकलो. मराठी शिकलो, इंग्रजी शिकलो, दुसऱ्यास्नी शिकवाय लागलो. सन्मतीला माझं मात्र द्यायचं राहूनच गेलं. उद्या देऊ, उद्या देऊ."

"मग तुमची आई?" आईने विचारलं.

"अव्वा यायची की. सन्मतीला मांडीवर घ्यायची, केळ सोलून द्यायची. आन् दरवेळी तेच म्हणायची. तिन्नू, नन्न बंगारा. त्यो केळ खायाचा आन् पळायचा. तेवढंच दोघांचं बोलणं. अव्वा गेली तवा ह्यो चांगला इंजिनेर झालता. मला म्हणला, आई, केळ देताना काय म्हणायची गं ती? मी सांगितलं, खा, माझ्या सोन्या." त्यांनी चिमूटभर मीठ टाकलं. "बघा वो, मीठ बरोबर हाय का."

आईने चव बघितली, बरोबर आहे म्हणाली. मग विचारलं, "बंगारा म्हंजे सोनं व्हय?" त्या दिवसापासून ती इराला बंगारा म्हणते. आमच्या घरात बाकी सोनं बेताचंच आहे.

गेल्या वर्षी आक्कांच्या गुडघ्यांनी संप पुकारला. सन्मतीने बंगळूरला यायचा हट्ट धरला. आक्का पुष्कळ दिवस टाळत राहिल्या. सून उत्तरेकडची, घरात सगळा कारभार इंग्रजीत. नात अदिती त्यांनी पाळण्यात बघितलेली, नंतर फक्त फोनच्या पडद्यावर. तिथे ती हात हलवून 'हाय ग्रँडमा' म्हणायची आणि निघून जायची.

"जायाला काय न्हाय," आक्का मला म्हणाल्या. "जन्मभर पुढल्या खोलीत शिकवलं. आता तिथंच राहायला जायाचं. स्वयंपाकघर न्हाय हो त्या घराला." त्या हसल्या, पण त्यांचं ते रस्त्यातलं हसू नव्हतं. पहिल्यांदाच मला त्यांना धीर द्यावासा वाटला आणि माझ्या तोंडात 'हँडल विथ केअर' याशिवाय काही येईना. ते मी गिळून टाकलं.

सन्मती सकाळीच गाडी घेऊन आला. बरोबर अदिती, इरापेक्षा लहान, दोन वेण्या. गल्लीतली सगळी पोरं जमली होती. पूजा रडत होती, इरा रडायचं नाही म्हणून नाक वर करून उभी होती. भडंगाचा डबा मांडीवर घेऊन आक्का मागच्या सीटवर बसल्या. अदिती शेजारी.

"हॅलो ग्रँडमा," अदिती म्हणाली.

"हॅलो, माय डिअर," आक्का बातम्यांच्या आवाजात म्हणाल्या.

मग दोघी आपापल्या खिडकीतून बाहेर बघायला लागल्या. सन्मती सामान नीट लावत होता. आक्कांनी पिशवीतून केळं काढलं. काहीतरी करायचं म्हणून काढलं असावं. सोललं, अदितीपुढे धरलं, आणि त्यांच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "तिन्नू, नन्न बंगारा."

अदितीने केळ्याकडे पाहिलं. मग आक्कांकडे. आणि ती बोलायला लागली. कन्नडमध्ये. नळाची तोटी निघाल्यासारखी. आक्कांच्या हातात साल तसंच राहिलं.

"दिवसभर हिला सांभाळायला एक मावशी येतात ना," सन्मती मला सांगत होता, "त्यांच्याशी ही असंच बोलते. आम्हा दोघांना काही कळत नाही."

आक्का ते ऐकत नव्हत्या. त्यांनी काहीतरी विचारलं. अदितीने तोंडात केळं असतानाच उत्तर दिलं. आक्कांनी पुन्हा विचारलं, आता जरा मोठ्याने, ट्रॉली उलटल्याच्या आवाजात. तो आवाज कन्नडमध्येही तसाच होता. पायातल्या चपला त्यांनी काढून टाकल्या आणि मांडी घालून बसल्या. दोघी कशाला तरी हसल्या.

सन्मतीने ड्रायव्हरच्या सीटवर बसून मागे वळून पाहिलं. "आई, काय म्हणतेय गं ती?"

"ते आमचं आमचं हाय," आक्का म्हणाल्या. "तू गाडी चालव."

गाडी निघाली. कोपऱ्यापर्यंत मागच्या काचेतून एक पांढरं आणि एक काळं, अशी दोन डोकी एकमेकांजवळ दिसत होती. आमच्याकडे हात करायचं दोघीही विसरल्या होत्या. पुढे सन्मती तेवढा आरशात बघत, अधूनमधून मान मागे वळवत चालला होता. मी त्यालाच हात केला. एका पावण्याने दुसऱ्या पावण्याला करावा, तसा.